तेवीस नंबरचा पलंग

भालूला सलाईन लावलं तेव्हा
केसपेपरवर लिहिलं: अशक्तपणा, शरीरात पाणी कमी.
अकरा दिवस तो जेवला नव्हता, बोलला नव्हता.
मी सांगितलं दोन्ही.
दुसऱ्याला रकाना नव्हता.

शेजारी चोवीसला नटुभाई पढियार.
विश्वामित्रीच्या काठी म्हैस धुताना
मगरीने पोटरी धरलेली.
सकाळपासून रीघ, दुसऱ्या वॉर्डातले पेशंटसुद्धा
सलाईनची बाटली उंच धरून बघायला येत.
नटुभाई सगळ्यांना सांगत:
इतके टाके, इतके दात, म्हैस वाचली.
निघताना एखादा तेवीसकडे बघे,
"अने आने शुं थयुं?"
मी म्हणे, ताप.
तापाला कोण थांबतंय.

रक्त चांगलं, सोनोग्राफी चांगली.
मोठ्या डॉक्टरांनी छातीची फिल्म उजेडाला धरली,
म्हणाले, काही नाही यात.
ते काही नाही
उशीवर पडलं होतं, डोळे उघडे,
माशी बसली तरी पापणी न हलवता.

तिसऱ्या दिवशी एका शिकाऊ पोरीने
पेपराच्या कडेला बारीक अक्षरात ओळ लिहिली.
सिस्टर ओरडली, तेवीसचा रेफरन्स, खोली सतरा!
सतरा म्हणजे काय, ते वॉर्डबॉयने
कानशिलाजवळ बोट फिरवून दाखवलं.
मी म्हटलं, आमच्यात तसं कुणी नाही.
(एक मामा होते. त्यांच्या खोलीला
कडी बाहेरून होती.
जेवणाचं ताट मीच सरकवायची, दाराखालून.)

डॉक्टर फाल्गुनीबेन संध्याकाळी आल्या.
स्टूल ओढलं, फिल्म मागितली नाही.
काय काम करता, भालचंद्रभाई?
मी पटकन, पाट्या रंगवतो, रावपुऱ्यात, हात फार...
त्या म्हणाल्या, त्यांना सांगू दे बेन.
आणि बसून राहिल्या.
बाहेर स्ट्रेचर गेलं, दुसरं गेलं,
कुणाच्या तरी डब्याचं झाकण पडून फिरत राहिलं.
तो नाहीच बोलला.
बरं, उद्या येते, म्हणाल्या.
सगळेच म्हणतात.
त्या आल्या. परवाही आल्या.

चौथ्या रात्री नटुभाईंना झोप येईना.
कुशीवर वळून आपल्या बोलीत म्हणाले,
माझी तर दिसली मला, पाणी हललं म्हणून.
तुझी?
पंखा कितीतरी वेळ कुरकुरला.
मी जमिनीवर चटईत, श्वास धरून.
मग वरून भालूचा आवाज, गंजलेला,
"माझी हलत नाही."

आता दर दुसऱ्या गुरुवारी आम्ही जातो.
केसपेपर तोच, खिडकी तीच,
मोडलेलं हाड आणि खोकला ज्या रांगेत
त्याच रांगेत आम्ही.
सतराच्या आधी सोळा, दातांचा विभाग.
परवा बाकावर ताम्हाणेकाकू भेटल्या, दांडिया बाजारातल्या.
मी गडबडीने, याची दाढ दुखतेय.
काकू म्हणाल्या, माझीही गं, रात्र रात्र डोळा नाही.
काकूंच्या तोंडात एक खरा दात उरलेला नाही,
साऱ्या गल्लीला ठाऊक आहे.
सोळाचं दार उघडलं. दोघींपैकी कुणी उठलं नाही.
काकूंनी पिशवीतून शेंगदाणे काढले,
अर्धे माझ्या हातावर ठेवले.

गोळीने भालूचा हात थरथरतो थोडा.
कमी होईल म्हणतात, डोस बदलून बघतायत.
मराठी पाटी अजून जमत नाही त्याला,
डोक्यावरची रेघ वाकडी जाते
आणि वाकडी रेघ तो जन्मात सोडणार नाही.
तर सध्या गुजरातीच कामं घेतो.
त्या अक्षरांना वर रेघ लागत नाही.
काल एका फरसाणवाल्याची पाटी केली,
पिवळ्यावर लाल.
मला म्हणाला, लांबून बघ.
मी रस्ता ओलांडून गेले.
बसेस मधे येत होत्या, नीट दिसेना.
तो शिडीवरून ओरडला, अजून मागे जा!